सोफ्याखालची मॅट

तुमच्या गावच्या क्रीडा मंडळाला सरकारकडून मंजूर झालेलं सामान आत्ता कुठे आहे, सांगता येईल तुम्हाला?

आमची कबड्डीची मॅट केळीच्या वखारीत होती. शहाद्याजवळच्या आमच्या गावात मुलींचं मंडळ आहे. आम्ही मातीवर खेळणाऱ्या, पण जिल्ह्याची निवड चाचणी मॅटवर होते आणि मातीवर तयार झालेला पाय मॅटवर घसरतो. चाचणी तोंडावर आली होती. अनुदानातून मॅट मंजूर झाली, टेम्पोतून आलीसुद्धा. टेम्पो मात्र मैदानावर न येता भाऊंच्या वखारीत गेला. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. "मंडळाच्या पाटीवर माझा फोटो लावा, मग माझ्या हस्ते मॅट घ्या," असा त्यांचा निरोप आला. आम्ही नाही म्हटलं.

माझे वडील शेतमजुरांच्या मोर्च्यांची पत्रकं वाटायचे. मी वाचायला शिकले तीही त्यांवरच. मग काय, मीही पत्रक लिहिलं: 'मॅट मैदानावर आणा!' ते भाऊंच्या सभेत वाटायचं ठरलं.

सभेला पोचलो आणि बघतो तर व्यासपीठासमोर, पाहुण्यांच्या सोफ्यांखाली, गालिच्यासारखी अंथरलेली मॅट! आमचीच! नवी कोरी, आणि तिच्यावर भाऊंचे बूट.

आमच्या मैदानावर कुणी पायताण घालून येत नाही. रेषा आखणारे गावातले म्हातारे बाबासुद्धा चपला कडेला काढतात.

माझा हात पत्रकांच्या पिशवीत होता, तेवढ्यात आमची कप्तान उठली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी. तिने चपला काढल्या, वाकून मॅटला हात लावला, तो कपाळाला लावला आणि सरळ भाऊंसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, जोडा काढा. हाई आमनं मैदान शे."

"तुले कोन बलावं वं आठे?" एक कार्यकर्ता ओरडला.

मागून एक आजी कडाडली, "देव्हाराम्हा जोडा घालीसन जास का रे तू?"

हशा असा उसळला की मंडप हलला! भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं, कसंनुसं हसले आणि वाकून बुटाची नाडी सोडू लागले. मग पाहुणेही वाकले. लोकांनी सोफे उचलले. आम्ही दोन्ही बाजूंना उभ्या राहिलो आणि कप्तान 'कबड्डी कबड्डी' करत सुटली! पहिल्याच चढाईत मी सपशेल आपटले. टाळ्या त्यालाही पडल्या.

भाऊंनी माईक धरला. "ही मॅट मी आपल्या लेकींना देतो!"

धापा टाकत कप्तान म्हणाली, "तुम्ही काय देतस भाऊ, ती ते आमनीच शे!"

मॅटचे तुकडे एकमेकांत अडकवलेले असतात. भाषण संपायच्या आत ते सुटे झाले आणि गावकऱ्यांच्या डोक्यावरून मैदानाकडे निघाले. एक तुकडा आजीने घेतला होता. पत्रकं पिशवीतच राहिली.

चाचणीपर्यंत आम्ही रोज मॅटवर खेळलो. कप्तानची निवड झाली. पाटीवर आजही फक्त मंडळाचं नाव आहे.

आता तुम्ही उठा. तुमच्या मंडळाच्या पोरींना घेऊन क्रीडा कार्यालयात जा, काय मंजूर झालंय ते विचारा आणि ते ज्याच्या वखारीत असेल तिथून उचलून मैदानावर आणा. मैदानात शिरताना चपला तेवढ्या काढा.