सेतू अत्याचं नाक

कुंभकोणमात काफी भाजणारे पुष्कळ, पण माझ्या सेतू अत्यासारखं नाक कुणाचं नाही. भाची म्हणून नाही सांगत, गावच म्हणतं. बिया कधी उतरवायच्या ते ती नुसत्या वासावर ठरवायची. तीस वर्षांत भाजायच्या ड्रमजवळ तिनं कुणाला फिरकू दिलं नाही. मला तर दोनदा हाकललंय!

पोंगलनंतर दारासुरमहून येताना अत्या स्कूटरवरून पडली. डोक्याला मार लागला, पण रक्त नाही की काही नाही. "अय्यो, इतकुसं तर लागलंय," म्हणाली. पुढच्याच आठवड्यात अख्खा ड्रम जळून कोळसा झाला आणि ही बाजूलाच पाठमोरी उभी. डोळ्यांत धूर गेला तेव्हा कुठे वळली.

मी मेंदूच्या डॉक्टर कीर्ति यांच्याकडे नर्स आहे. अत्याला तिथे ओढतच नेलं. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या, डॉक्टर एकेक करून तपासतात. पहिली वासाची. डोळे मिटायचे, एक नाकपुडी दाबायची आणि बाटली हुंगायची.

"काफी. माझ्याच दुकानातली," अत्या ऐटीत म्हणाली. दुसऱ्या नाकपुडीलाही तेच. डॉक्टर समाधानानं लिहू लागल्या.

माझं डोकंच फिरलं. ती बाटली दर महिन्याला भरून देतं कोण? हीच की! आत काय असतं ते हिला न हुंगताही ठाऊक. मी कपाटातली धुतलेली, रिकामी बाटली काढली आणि तिच्या नाकाशी धरली.

"काफीच गो! किती वेळा विचारशील?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. अत्यानं डोळे उघडले आणि बाटलीकडे पाहिलं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला.

"विद्ये, हे कळलं तर माझ्याकडे कोण येईल?" म्हणत ती पोरीसारखी रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

वास परत येईल, कदाचित येणारही नाही, डॉक्टर म्हणाल्या. पुढच्या नसा तपासल्या. डोळे, चेहरा, सगळं ठीक. आठवी ऐकण्याची. डॉक्टरांनी नादकाटा, तो ठोकला की घुमणारा लोखंडी चिमटा, कानाशी धरला. डॉक्टरांना ऐकू येईनासं झालं तरी अत्या आपली, "अजून येतोय, अजून." कान मात्र खरंच तिखट निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला दुकानात बोलावलं आणि चक्क ड्रमसमोर उभं केलं. स्वतः कान लावून बसली. बिया तडतडू लागल्या. तडतड विरत आली तशी ती ओरडली, "काढ!"

मी बिया पसरल्या. गार झाल्यावर तिनं सवयीनं मूठभर नाकाशी नेल्या, क्षणभर थांबली आणि मूठ माझ्यापुढे केली.

"सांग. आणि मला बरं वाटावं म्हणून सांगू नको. खोटं बोलायचं ते माझं बोलून झालंय."

मी हुंगलं. फार वेळ हुंगलं.

"थोड्या कच्च्या आहेत, अत्या."

"बरं," ती म्हणाली आणि सरकून तिनं मला ड्रमजवळ जागा करून दिली.