प्रशिक्षक महोदय, आपल्या पाठीमागे

तिवादर सालकाई मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे त्याच्याबद्दल जे काही बरं बोलेन, तेवढं खरं धरायला हरकत नाही. तसं ते फार नाहीये.

बुडापेस्टहून क्लीव्हलँडला आला तेव्हा त्याच्याकडे दोन चांगले पाय आणि एक वाईट मिशी होती. दोन वर्षं स्क्रूच्या कारखान्यात काढल्यावर इनडोअर फुटबॉलवाल्यांनी त्याला उचललं. छताखालचा खेळ, सहा-सहा जणांचा. भोवती फळ्यांची भिंत, तिच्यावर आपटून चेंडू कुठूनही अंगावर येतो. बचाव करणाऱ्याला पाठीला डोळे लागतात. तिवादरचे ते डोळे म्हणजे गोलकीपर एर्नो बोद्रोगी. "डावीकडे, गाढवा!" एर्नो ओरडला की तिवादर डावीकडे. नऊ वर्षं असंच चाललं.

दोघांनी पहिल्याच आठवड्यात कोपरात कोपर अडकवून वाइनचा पेला रिकामा केला होता. आम्हा हंगेरियनांत असा पेला झाला की अहो-जाहो संपलं, मरेपर्यंत अरे-तुरे.

छत्तिसाव्या वर्षी तिवादर प्रशिक्षक झाला. खेळायचाही, शिकवायचाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर एर्नोला म्हणाला, "आजपासून मला 'तुम्ही' म्हणायचं. शिस्त म्हणजे शिस्त."

एर्नोने हातमोजे काढून मान लववली. "जशी आपली आज्ञा, प्रशिक्षक महोदय."

तासाभरात बातमी आमच्या गल्लीतल्या खाटकाकडे. पिरोश्काकाकू सॉसेज तोलून घेता घेता म्हणाल्या, "प्यालेला पेला ओकला मेल्याने!"

पुढचे तीन सामने आम्ही हरलो, आणि कसे हरलो ते सांगतो. चेंडू भिंतीवरून तिवादरच्या मागे यायचा, आणि एर्नो खणखणीत आवाजात सुरू करायचा, "प्रशिक्षक महोदय, आपली हरकत नसेल तर आपल्या पाठीमागे..." वाक्याला क्रियापद मिळेपर्यंत गोल झालेला असायचा.

मालक अमेरिकन. त्याच्या भाषेत देवाला, कुत्र्याला आणि प्रशिक्षकाला एकच शब्द, 'यू', त्याला यातलं काय कळणार! त्याने एवढंच सांगितलं, "रविवारी हरलास तर परत स्क्रूच्या कारखान्यात."

रविवारी चर्च सुटल्यावर अख्खी गल्ली सामन्याला हजर. तिवादर जिंकावा म्हणून नव्हे. शेवटचा पाव भाग उरला तेव्हा आम्ही दोन गोलांनी मागे होतो. त्याआधीच्या विश्रांतीत तिवादर पाण्याची बाटली घेऊन गोलपाशी गेला. स्टेडियम इतकं चिडीचूप, की सगळं ऐकू आलं.

"एर्नो, चल, पुन्हा घेऊ."

"पाण्यावर होत नाही, महोदय."

"लोक बघतायत रे."

"त्या दिवशीही बघत होते, महोदय."

पिरोश्काकाकूंनी भिंतीवरून कागदी पेल्यात बिअर पुढे केली. "घे रे मुडद्या, अन् गुडघे टेकलेस तर अजून बरं!" गुडघे त्याने टेकले नाहीत. कोपर मात्र अडकवलं. दोघांनी अर्धा-अर्धा पेला संपवला.

मग पंधरा मिनिटं एर्नोने तीन सामन्यांची उधारी तोंडाने वसूल केली. "उजवीकडे, बैला! मागे, नासक्या बटाट्या! वळ, तुझ्या मिशीला आग लागो!" तिवादर वळत होता, पळत होता, चेंडू अडवत होता. गल्ली प्रत्येक शिवी एर्नोसोबत मोठ्याने म्हणत होती. आम्ही एका गोलाने जिंकलो.

नोकरी वाचली. तिवादर पुढे अकरा वर्षं प्रशिक्षक राहिला, आणि बरा प्रशिक्षक होता, घ्या, बोललो. पण सोमवारी सकाळी त्याने पहिलं काम केलं ते एर्नोला संघातून काढण्याचं. पत्रात लिहिलं होतं, "आपणांस कळविण्यात येते की..."

एर्नोने त्या पत्रातलं 'आपणांस' लाल शाईने खोडलं, वर 'तुला' लिहिलं आणि ते खाटकाच्या काचेवर डकवलं. खाटकाने ते काढलं नाही. तिवादर त्या दिवसापासून स्लोव्हेनियन खाटकाकडचं सॉसेज खातो. त्यात पाप्रिका, आमची लाल मिरचीपूड, नावालासुद्धा नसते.