चेतना मॅडमच्या तीन ओळी

शहाद्याच्या एका कॉलेजात चेतना मॅडम अठरा वर्षं इतिहास शिकवत होत्या. ब्राह्मणपुरीहून रोज एसटीने यायच्या, धक्के खायच्या, पण तास कधी चुकवायच्या नाहीत.

यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेत बारावीतला भाग्येश माइकवरून म्हणाला, "हिटलरने ज्यूंना मारलं ते बरंच केलं. ती जातच तसली!" सभागृहात टाळ्या पडल्या.

मॅडम तडक प्राचार्य राजेंद्र सरांकडे गेल्या.

"मॅडम, शहाद्यात एक तरी ज्यू आहे का?" सर हसले.

"नाही, म्हणूनच टाळ्या पडल्या ना, सर! समोर एखादा बसलेला असता तर कोणाची जीभ रेटली असती?"

कटकट मिटावी म्हणून सरांनी ज्यूद्वेषाविरुद्ध नियम करायचं ठरवलं आणि ज्यूद्वेष म्हणजे काय ते लिहायचं काम मॅडमच्याच गळ्यात घातलं. मॅडमनी तीन ओळी लिहिल्या. ज्यू म्हणून कोणाचा द्वेष चालणार नाही. त्यांच्या कत्तलीचं समर्थन चालणार नाही. इस्रायलसह कुठल्याही सरकारवर टीका मात्र खुशाल करावी.

नियमासाठी मॅडमना धरून एक समिती नेमली, तिच्या तीन बैठका झाल्या. चहा झाला, समोसे झाले, आणि तिसरी ओळ खोडून कोणीतरी लिहिलं, 'इस्रायलविरुद्ध लिखाणही चालणार नाही.'

"अहो, हे उलटंच झालं!" मॅडम ओरडल्या.

"असू द्या हो, भावना तीच," सर म्हणाले.

पंधरा दिवसांत नियमाचा पहिला फटका बसला मयूरी नावाच्या विद्यार्थिनीला. तिने भित्तिपत्रकावर गाझात बॉम्बखाली मेलेल्या मुलांविषयी लिहिलं होतं. ज्यूंबद्दल एक वाकडा शब्द नव्हता. तरी तिचा कागद काढला, हातात नोटीस दिली. भाग्येशला काहीच नाही, कारण त्याचं भाषण नियमाच्या आधीचं!

घरी मॅडमचे यजमान हेमकांत अहिराणीत म्हणाले, "जाऊ दे ना वं, तुले काय करनं शे?"

"काय करनं म्हणजे? त्या पोरले नोटीस मन्हामुये लागनी!"

दुसऱ्या दिवशी त्या सरांसमोर उभ्या राहिल्या. "माझ्या तीन ओळी जशाच्या तशा ठेवा, नाहीतर समितीतून माझं नाव काढा." सरांनी वैतागून नोटीस मागे घेतली, नियमही रद्द केला, आणि जाता जाता वक्तृत्व स्पर्धाच बंद करून टाकली.

मॅडमनी कपाळावर हात मारला. मग मयूरीचा लेख स्वतःच्या हाताने परत लावला आणि भाग्येशला बोलावून घेतलं.

"मन्हं काय चुकनं, मॅडम? मामानी मोबाइलवर धाडेल व्हतं."

"एक तरी ज्यू माणूस भेटना का तुले?"

"नही."

"साठ लाख मारले, भाग्येश. त्यात तान्ही पोरं होती."

"पोरंबी?" त्याने विचारलं. पण लगेच वाद घालायला लागला. इस्रायल कसा बरोबर, मयूरी कशी चूक, हेच तासभर; तेही मामानेच मोबाइलवर धाडलेलं. मॅडमचं डोकं ठणकायला लागलं.

"मग लिही ना तिला उत्तर! इस्रायलची बाजू घे, हवं ते लिही. पण माणसं मारली ते बरं झालं, असं भिंतीवर लागणार नाही."

शनिवारी त्याने दोन पानं आणून दिली. कत्तलीचं कौतुक त्यात कुठे नव्हतं, पण शुद्धलेखनाच्या चुका ओळीओळीला होत्या. मॅडम पुटपुटत, चरफडत त्या सुधारत बसल्या. त्यांना त्यातला एकही मुद्दा पटला नव्हता. तरी मयूरीच्या लेखाशेजारी जागा करून त्यांनी ती पानं लावली.