चिंचोक्याच्या दोन फाकी
चिंच फोडताना चिंचोका हाताला लागला की पन्नास वर्षांपूर्वीचा धुळ्याचा दवाखाना आठवतो. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन निभावण्याची आशा निम्मी; निभावलं तर पुढे ताप उतरण्याचीही निम्मीच." आईचा चेहरा उजळला. ती मला म्हणाली, "निम्मं अन् निम्मं, म्हणजे पुरंच ना, माय?" कॉलेजात गणित शिकणाऱ्या मला राहवलं नाही. आवारातल्या चिंचेखालचा चिंचोका फोडून त्याच्या दोन फाकी मी व्हरांड्यात वीसदा टाकल्या. एक फाक ऑपरेशनची, एक तापाची; पांढरी बाजू वर म्हणजे आशा. दोन्ही पांढऱ्या पाचदाच पडल्या, म्हणजे आशा पावच. आई त्या फाकी पदराला बांधून आबांच्या उशाशी जाऊन बसली. आबा ऑपरेशनमधून उठले, तापातून नाही उठले. माझं गणित चुकलं नव्हतं. पण चार दिवस आईची आशा पुरी राहू द्यायला माझं काय जात होतं?