सतरा नंबरचं घड्याळ

"बोलू नको माय, काटा पयून राहिला," असं म्हणत आमच्या डॉक्टरीणबाई पेशंटचं मनगट हातात घ्यायच्या आणि आपल्या घड्याळाच्या कडेची कळ दाबायच्या. तीस ठोके मोजून कळ पुन्हा दाबली की काटा जिथं थांबे, तो लाल आकडा म्हणजे मिनिटाची नाडी. घड्याळ सोन्याचं, पुरुषी, त्यांच्या बारीक मनगटावर चांगलंच थोराड दिसणारं. त्या काळी तुम्ही अमरावतीत असाल, तर तुम्हीही ते वळून पाहिलं असेल.

बाईंचे वडील अकोल्याला कापसाचे व्यापारी. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी पाटल्या, गोठ, एकदाणी करून ठेवली होती. बाईंनी लग्न केलंच नाही. एकेक दागिना मोडून मुंबईच्या ओळखीतून त्या स्विस घड्याळं मागवत गेल्या. ती बाजारात मिळणारी नव्हेत. कारखान्यानं मोजकीच केलेली, पाठीवर नंबर कोरलेली. अशी नाडी मोजणारी सात जमली. नातेवाईक हसायचे. बाई म्हणायच्या, "पाटल्या नुसत्या वाजतात. हे काम करते."

सातांत पाठीवर सतरा कोरलेलं सर्वांत दुर्मिळ. ते फक्त रविवारी निघे, आणि त्याला चावी द्यायलाही बाई दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत.

मी त्यांच्याकडे नर्स म्हणून लागले ते अठ्ठावन्न साली. आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला दोन वर्षं झाली होती, आणि पगाराची नोकरी करणारी घरातली पहिली बाई मीच.

एका रविवारी दुपारी चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातून बोलावणं आलं. बाईंच्या मोटारीतून आम्ही पोचलो तेव्हा मूल झालं होतं, पण बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. बाई दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून बसल्या आणि त्यांनी मला नाडी पाहायला सांगितलं. मी पुढं झाले, तशी सासू आडवी आली. मी कोण ते तिला मोटारीच्या ड्रायव्हरकडून कळलं होतं. आपल्या सुनेला माझा हात नको, असं तिनं सरळ सांगितलं.

बाईंनी आवाज चढवला नाही. दाब न सोडता घड्याळाचं मनगट माझ्याकडं वळवलं.

"काढ हे, अन् बांध तुया हाताले." मग सासूकडं न पाहताच म्हणाल्या, "माये दोन्ही हात गुंतले. नाडी हेच पोरगी मोजते. नाही तर सून जाते."

सासू बाजूला सरली. मी सतरा नंबरचं घड्याळ बांधलं. एकशे चाळीस, मी मोठ्यानं म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा एकशे चाळीस. मग एकशे बत्तीस. नाडी एकशे वीसवर आली तेव्हा सासू माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिनंच सुनेचा हात उचलून माझ्या हातात दिला.

"आता पाय बरं, बाई. किती झाली?" तिनं मला विचारलं.

शंभरावर आली तेव्हा बाईंनी हात काढले. त्या गडबडीत मी घड्याळासकट हात घंगाळातल्या कढत पाण्यात घातले. काचेखाली वाफ धरली. मला रडू फुटलं. बाईंनी घड्याळ कानाला लावलं, चालू आहे म्हणाल्या, आणि मला चहा प्यायला लावला.

घड्याळजीनं ते उघडून सुकवलं, पण तबकडीवर तपकिरी डाग राहिला. पुढं मुंबईचे एक शौकीन गृहस्थ सतरा नंबर पाहायला मुद्दाम आले. डाग पाहून हळहळले. स्वित्झर्लंडहून नवी तबकडी मागवून देतो म्हणाले. बाईंनी मला बाहेरून बोलावलं, माझ्यासमोर त्यांना सगळी हकीकत सांगितली, आणि तबकडी हीच राहील म्हणाल्या.

अडुसष्ट साली बाई अकोल्याला वारल्या. घड्याळं भाच्याकडं गेली. बाईंच्या दवाखान्यातलं जुनं माणूस म्हणून त्यानं मला बोलावून घेतलं, कारण बाईंच्या वहीतली एक नोंद त्याला उलगडत नव्हती. प्रत्येक घड्याळाची माहिती तीत त्यांनी लिहिली होती. सतराच्या पुढं होतं: "तबकडीवर डाग. दुरुस्त करू नये. बाळंतीण वाचली. नाडी माझ्या सिस्टरने मोजली."

"ही सिस्टर कोण?" भाच्यानं विचारलं.

मी पदर सावरून ताठ बसले. म्हटलं, "मी."