फोनमधलं खुट्ट

ताज्या पत्रकांच्या शाईचा वास आला की खापर गावाला जाणारी बस आठवते. मोर्चाची पत्रकं कुठे लपवलीत, ते मी त्या बसमधून फोनवर मित्राला सांगत होतो. गुजरातच्या हद्दीजवळच्या वळणावर फोनमध्ये खुट्ट झालं. “तूच रेकॉर्ड करी ऱ्हायना!” मी ओरडलो. तो मोबाइल दुरुस्त करणारा. हसून म्हणाला, “येडा व्हयना का? सिग्नल पडताच फोनले समजस, मंग तो दुसरा टावर धरस.” मला ते ठरवून दिलेलं उत्तर वाटलं. ‘हा फुटलाय, सावध राहा,’ असं मी लगेच सगळ्यांना कळवलं. परतताना त्याच वळणावर आईचा फोन आला. भाजी कोणती करू, असं ती विचारत असतानाच तसंच खुट्ट झालं. सगळ्यांना मी खरं सांगितलं, तरी तो पुन्हा मोर्चाला आला नाही. त्याची माफी मागणं मात्र अजून राहिलंय.