बी.एड.नंतरचं डी.एड.

माझे बाबा सोलापुरातल्या एका हायस्कुलात शिपाई होते. तास बदलला की घंटा द्यायची, नोटीस घेऊन वर्गावर्गांतून फिरायचं आणि उरलेला वेळ व्हरांड्यातल्या स्टुलावर काढायचा, यात त्यांची तीस वर्षं गेली. त्यामुळे शिक्षक या प्राण्याबद्दल आपल्याला सगळं कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं. मी इतिहास घेऊन पदवीधर झाले आणि शिक्षिका व्हायचं म्हटलं, तेव्हा ते लगेच म्हणाले, "डी.एड. कर. पहिली-दुसरीला शिकीव. खरं काम खाली हाय. वरच्या वर्गाला काय, निम्मं आधीच शिकून आलेली असत्यात पोरं."

मला राग आला. कॉलेजात पहिली आलेली मी, आणि हे मला बाराखड्या गिरवायला बसवणार. मी म्हटलं, "मी बी.एड. करणार आणि हायस्कूललाच शिकवणार." दोन दिवस घरात धुसफूस चालली. तिसऱ्या दिवशी बाबा मुकाट्यानं माझ्याबरोबर कागदपत्रं तपासायच्या रांगेत येऊन उभे राहिले. माझं ऐकलं गेलं होतं, पण तेवढ्यावर माझं समाधान नव्हतं. मला शिकवता येतं आणि माझा निर्णय बरोबर होता, हे मला त्यांना दाखवून द्यायचं होतं.

बी.एड.ला सराव पाठ द्यावे लागतात. पाठाआधी टाचण लिहायचं. पानाच्या एका बाजूला मी काय विचारणार ते, दुसऱ्या बाजूला मुलं काय उत्तर देणार ते. मुलांनी अजून तोंडही उघडलेलं नसतं, तरी त्यांचं उत्तर आदल्या दिवशी आपल्या अक्षरात तयार असतं. आम्हा छात्राध्यापकांना यात काही वावगं वाटत नसे. मागच्या वर्षीच्या मुलींच्या वह्या हातोहात फिरत आणि आम्ही त्यांवरूनच टाचणं उतरवून काढत असू.

आमची सराव शाळा नवी पेठेच्या मागे होती. पहिल्याच पाठाला मी प्रश्न विचारला आणि अर्ध्या वर्गाचे हात वर गेले. उत्तर शब्दन् शब्द माझ्या वहीतलं. मला वाटलं, काय पकड आहे आपली वर्गावर. पुढे फळ्याकडे वळले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "आता बाई नकाशा काढत्यात बघ." मी नकाशाच काढणार होते. माझ्याआधी चार जणींनी त्याच वहीवरून तोच पाठ त्या वर्गाला दिला होता. मी हसले आणि नकाशा काढला. निरीक्षणाच्या कागदावर 'उत्तम' असा शेरा मिळाला. तो मी बाबांना दाखवला, नकाशाची गोष्ट मात्र सांगितली नाही.

दुसऱ्या वर्षी आंतरवासितेला, म्हणजे काही महिने प्रत्यक्ष शाळेत काम करायला, मी अकलूजच्या पुढची एक शाळा घेतली. मामा अकलूजला राहतो, त्यामुळे राहण्या-जेवणाची काळजी नव्हती. शाळा साखर कारखान्याजवळ होती. थंडीत ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आल्या की त्यांची मुलंही शाळेत येत आणि वयाप्रमाणे त्यांना वर्गात बसवलं जाई. आठवीत अशीच एक मुलगी आली. उंच, दोन वेण्या घातलेली, कायम पहिल्या बाकावर. कुठलाही प्रश्न विचारा, तिचं उत्तर तयार असे. ती मला लगेच आवडली.

फेब्रुवारीत आमचे मार्गदर्शक सर माझा पाठ बघायला आले. ते मागे बसले. मी तिला पुस्तकातला उतारा मोठ्यानं वाचायला सांगितला. तिनं खणखणीत वाचला, एकदाही न अडखळता. मी कौतुकानं तिच्या बाकापाशी गेले आणि थबकले. उतारा पाठातला होता, पण तिच्या हातातलं पुस्तक भलत्याच पानावर उघडं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मागे पाहिलं, सर खाली मान घालून लिहीत होते. मी "शाब्बास" म्हणाले आणि फळ्याकडे गेले. त्या कागदावर शेरा आला, 'प्रकट वाचन उत्तम घेतले.' मला त्या शेऱ्याची लाज वाटली, आजही वाटते.

मधल्या सुट्टीत मी तिला एकटीला गाठलं. ती आधीच रडवेली झाली होती. "मला वाचाय येत न्हाय, बाई. मैत्रीण वाचती ते आईकते, मग ध्यानात ऱ्हातं. कुणाला सांगू नका. मला खालच्या वर्गात बसवतील की."

मी म्हटलं, "नाही सांगत. मी तुला शिकवते."

किती सहज म्हणून गेले मी. रोज मधल्या सुट्टीत आम्ही दोघी बसू लागलो. मी तिला अक्षरं लिहून दिली, तिनं ती वळणदार उतरवून काढली. 'क' विचारला की 'क' सांगायची. पण दोन अक्षरं जोडून शब्द समोर ठेवला, की माझ्या तोंडाकडे बघून अंदाज करायची. यापुढे काय करायचं ते मला माहीतच नव्हतं. दीड वर्ष मी प्रस्तावना कशी करावी, उद्देश कसा सांगावा, हे शिकले होते. वाचता न येणाऱ्या माणसाला वाचायला कसं शिकवायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

शेवटी शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पहिलीच्या बाईंकडे गेले. त्यांनी मला वर्गात बसवून घेतलं. तासाभरात त्यांनी टाळ्या, खडे, चिठ्ठ्या असं काय काय वापरून चार शब्द पोरांच्या तोंडून अशा रीतीनं काढले की मी बघत राहिले. वर्ग सुटल्यावर मी म्हटलं, "हे मला लिहून देता का?" त्या म्हणाल्या, "लिहून दिऊन काय हुतंय? शिकावं लागतं की ते. तू डी.एड. न्हाय का केलंस?"

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, गाळप बंद झालं. दुसऱ्या दिवशी पहिला बाक रिकामा होता. टोळी पहाटेच निघून गेली होती. ती मुलगी आली तेव्हा तिला वाचता येत नव्हतं, गेली तेव्हाही येत नव्हतं. मधले तीन आठवडे तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता, एवढाच काय तो फरक. त्या दिवशी मी खूप रडले.

बी.एड.चा निकाल चांगला लागला. पेढे वाटून झाल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं, भलत्या पानावर उघडलेलं पुस्तकही आणि नकाशाही. मग म्हटलं, "मला डी.एड. करायचंय." बाबांनी टोमणा मारला नाही. ते एवढंच म्हणाले, "आणि दोन वर्षं जातील."

"जाऊ देत."

"बरं मग," ते म्हणाले आणि माझी प्रमाणपत्रांची फाईल शोधायला उठले.

डी.एड.ला बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, त्यामुळे तिथल्या मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या. पहिल्या दिवशी मला जरा उशीर झाला. मी साडी नेसून, पर्स सावरत वर्गात शिरले, तर सगळा वर्ग उठून उभा राहिला. "नमस्ते मॅडम," असं एका सुरात झालं. मी शेवटच्या बाकाकडे गेले, तिथल्या मुलीला म्हटलं, "थोडं सरकतेस का?"

ती गोंधळून म्हणाली, "मॅडम, तुमची खुर्ची तिकडं हाय."

"मी मॅडम नाही गं," मी म्हटलं, "अजून शिकायचंय," आणि तिच्या शेजारी बसले.